रात्री तीनपर्यंत अभ्यास, तरी गुण का घसरले?

लातूर जिल्ह्यातील एका शिक्षक-पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहते. पहिल्या वर्षी तिची सरासरी ८.३ होती, तिसऱ्या सेमिस्टरला ती ६.६ वर आली आणि गणित-तीनचा बॅकलॉग राहिला. ती रात्री दोन-तीनपर्यंत जागते, सकाळी काही खात नाही, सतत थकलेली असते आणि फोनवर ‘वाचते, पण डोक्यात काही राहत नाही’ असे सांगते. झोपण्या-खाण्याच्या सवयींचा गुणांवर खरोखर एवढा परिणाम होतो का, स्मरणशक्तीचे टॉनिक द्यावे का, मोबाइल काढून घ्यावा का आणि तिला एक सेमिस्टर घरी आणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात अनेक वर्षे काम करत आहे आणि सेमिस्टरचा निकाल लागला की याच तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते. सवयींचा गुणांशी संबंध आहे, पण सगळ्याच सवयींचा सारखा नाही. झोपेबद्दलचा, त्यातही तिच्या नियमितपणाबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. व्यायामाबद्दलचा बऱ्यापैकी आहे. सकाळच्या नाश्त्याबद्दलचा मात्र, निदान महाविद्यालयीन वयात, आपण समजतो त्यापेक्षा बराच कच्चा आहे. आणि आपल्या मुलीची घसरण इतकी मोठी आहे की तिचे खापर एकट्या जागरणावर फोडून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

झोपेपासून सुरुवात करू. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रसायनशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांच्या मनगटावर सेमिस्टरभर झोप मोजणारे पट्टे बांधण्यात आले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८८ विद्यार्थ्यांच्या नोंदी अखेर वापरता आल्या, आणि त्यांच्या गुणांमध्ये जी तफावत होती तिच्यापैकी जवळजवळ २५ टक्के तफावतीचा संबंध झोप किती, कशी आणि किती नियमित यांच्याशी जुळला. वर्तमानपत्रांनी हाच आकडा उचलला. मला मात्र त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो: परीक्षेच्या आदल्या रात्री मूल किती झोपले याचा त्या परीक्षेतील गुणांशी संबंध दिसला नाही, त्याआधीच्या आठवड्यातील आणि महिन्यातील झोपेचा दिसला. आपल्याकडे मात्र पालकांची सारी काळजी पेपरच्या आदल्या रात्रीवर एकवटलेली असते. ‘उद्या पेपर आहे, लवकर झोप’ असा फोन त्या दिवशी येतो. आधीचे सहा आठवडे मूल रात्री केव्हा झोपते हे कोणी विचारत नाही.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दिवसा वाचलेले किंवा सोडवलेले मेंदूत पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झोपेत चालते, आणि ते त्या-त्या रात्रीच व्हावे लागते. ऑगस्टमध्ये शिकवलेले लाप्लास ट्रान्सफॉर्म हे गणिताचे प्रकरण त्या आठवड्यातील तुटक झोपेमुळे पक्के झाले नसेल, तर नोव्हेंबरमध्ये आठ तास झोपून ते परत येत नाही. शिवाय अपुऱ्या झोपेचा फटका माणसाला स्वतःला नीट कळत नाही, हे अधिक घातक आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिले. अखेरीस लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी पूर्ण जागरण केलेल्या माणसांइतकी खालावली होती, तरी आपल्याला फारशी झोप येत नाही असेच ते सांगत होते. त्यामुळे ‘डॉक्टर, मला आता सवय झाली आहे’ हे वाक्य मी ऐकून घेतो, पण पुरावा म्हणून धरत नाही.

नियमितपणाचा मुद्दा मी मुद्दाम ताणून धरणार आहे, कारण तिथेच सर्वांत जास्त फायदा दडलेला असतो. हार्वर्डच्या ६१ विद्यार्थ्यांनी ३० दिवस झोपेच्या नोंदी ठेवल्या होत्या. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अत्यंत अनियमित झोपणारे आणि अत्यंत नियमित झोपणारे यांच्या झोपेचे सरासरी तास जवळपास सारखेच होते, तरी अनियमित गटाचे गुण कमी होते आणि रात्र झाल्याची खूण देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्या शरीरात अडीच ते तीन तास उशिरा वाढत होते. म्हणजे सकाळी नऊच्या तासाला बसलेल्या अशा विद्यार्थ्याच्या शरीरात पहाटेचे सहा-साडेसहाच वाजलेले असतात.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन आठवड्यांचा एक कागदी तक्ता देतो: अंथरुणावर केव्हा पडलात, दिवा केव्हा बंद केला, केव्हा उठलात, दुपारी किती झोपलात, शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता घेतली. मोबाइलमधील ॲपपेक्षा मला हा कागद बरा वाटतो, कारण तो भरताना मूल स्वतःच चपापते. तक्ता परत आला की मी एकूण तास नंतर मोजतो. आधी सोमवार ते शुक्रवारच्या झोपेचा मध्यबिंदू आणि शनिवार-रविवारच्या झोपेचा मध्यबिंदू यांतील अंतर काढतो. एका मुलीच्या तक्त्यात आठवडाभर दीड ते साडेसात अशी झोप होती, म्हणजे मध्यबिंदू साडेचार. शनिवार-रविवारी चार ते बारा, म्हणजे मध्यबिंदू आठ. अंतर साडेतीन तासांचे. उन्हाळ्यात भारत आणि पॅरिस यांच्या घड्याळांत नेमके एवढेच अंतर असते; ही मुलगी दर शुक्रवारी पॅरिसला जाऊन सोमवारी पहाटे पुण्यात उतरत होती आणि मंगळवारपर्यंत डोके का चालत नाही म्हणून विचारत होती. तासांची सरासरी काढली तर तिची झोप साडेसहा तासांच्या आसपास भरत होती, म्हणून घरच्यांना त्यात काहीच वावगे दिसले नव्हते.

इथे मुलांची बाजूही मांडायला हवी. वयाच्या विशीच्या आसपास माणसाचे शरीर आयुष्यातील सर्वांत उशिराच्या वेळापत्रकावर चालते. युरोपातील हजारो लोकांच्या झोपेच्या वेळांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांमध्ये हा टोकाचा बिंदू साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी आणि पुरुषांमध्ये एकविसाव्या वर्षाच्या जवळ आढळला. त्यानंतर झोपेची वेळ हळूहळू अलीकडे सरकते. म्हणून पन्नाशीच्या वडिलांना पहाटे पाचला जे प्रसन्न वाटते ते मुलीला वाटत नसेल, तर तो आळस नव्हे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीतील ‘उठे’ तेवढे घराघरांत घोकले जाते आणि ‘निजे’ सोयीस्करपणे गळते, हेही एक आहेच. रात्री दोनला झोपलेल्या मुलीला ब्राह्ममुहूर्तावर फोन करून उठवल्याने तिचे फक्त तीन तास कमी होतात.

सकाळच्या वेळेचा परिणाम किती खरा आहे हे दाखवणारा एक अभ्यास मला विशेष वाटतो, कारण त्यात विद्यार्थ्यांना वेळापत्रक निवडण्याची मुभाच नव्हती. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत पहिल्या वर्षाच्या छात्रांना तासांचे वेळापत्रक स्वैरपणे वाटून दिले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की ज्यांच्या वाट्याला पहाटेचा पहिला तास आला, त्यांची कामगिरी त्या तासातच नव्हे, तर त्या दिवसाच्या इतर विषयांतही खालावली. चांगले विद्यार्थीच नीट झोपतात, हा आक्षेप इथे टिकत नाही. आपल्या महाविद्यालयांचे सकाळचे तास आपण बदलू शकत नाही, हे मान्य. पण मुलगी पहिला तास का बुडवते याचा विचार करताना हे ध्यानात असू द्यावे.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतील तीन विद्यापीठांच्या पहिल्या वर्षातील सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांची झोप मनगटी उपकरणांनी मोजली आणि आधीची गुणवत्ताही हिशेबात धरली. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या काळात रात्रीची सरासरी झोप एका तासाने कमी असेल, तर अखेरचे गुण चारच्या मापनात ०.०७ ने कमी आढळले. सहा तासांच्या खाली झोप गेली की नुकसान अधिक ठळक होते. संबंध निश्चित आहे, पण आकडा लहान आहे. दहाच्या मापनात ८.३ वरून ६.६ ही घसरण अशा हिशेबात कुठेच बसत नाही. झोप बिघडल्याने जे घडते ते बरेचसे आडवळणाने घडते: उशिरा उठणे, पहिले दोन तास बुडणे, ट्युटोरियल न कळणे, सबमिशन साचणे, मग ते पुरे करण्यासाठी पुन्हा ‘नाईट मारणे’. या चक्राची सुरुवात झोपेपासूनच झाली असेल असे नाही. गणित-तीन कळेनासे झाले, त्याची धास्ती बसली आणि त्या धास्तीने झोप उडाली, असेही तितक्याच वेळा आढळते. अशा वेळी झोपेवर कितीही उपदेश केला तरी गणित सुटत नाही.

नुसता संबंध दिसला की कारण सापडले असे समजू नये, याचे एक मजेशीर उदाहरण आहे. २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या खासगी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातील २०० विद्यार्थ्यांच्या पाहणीत उठण्याची वेळ जितकी उशिराची तितके गुण कमी, असे स्पष्ट दिसले. खाणे, व्यायाम, मनःस्थिती या साऱ्यांहून उठण्याची वेळ वरचढ ठरली. पण त्याच पाहणीत आध्यात्मिक वाचन करणाऱ्यांचे गुणही जास्त निघाले. शिस्तीने जगणारे मूल लवकर उठते, वाचते आणि अभ्यासही करते. यात कशाने काय झाले हे अशा पाहणीतून ठरत नाही. नाश्त्याचे बहुतेक अभ्यास याच प्रकारात मोडतात. म्हणून नाश्ता न करण्यावरून मुलीशी रोज फोनवर वाद घालू नये असे मी सांगतो. रात्री साडेबाराला मॅगी खाऊन दोनला झोपलेल्या पोटाला सकाळी आठला भूक नसणे स्वाभाविक आहे. झोपेची वेळ अलीकडे आली की भूक आपोआप परत येते.

थकवा आणि ‘डोक्यात राहत नाही’ ही तक्रार ऐकली की मी सवयींच्या आधी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतो. ती गुलाबी असायला हवी. अनेक मुलींची ती फिकट पांढुरकी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या घरात होते. अभियांत्रिकीला गेल्याने मुलगी या आकड्यांतून सुटत नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. पण ते १२.२ असून शरीरातील लोहाचा साठा, जो फेरिटिनच्या तपासणीत कळतो, रिकामा झालेला असू शकतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण स्त्रियांना १६ आठवडे लोहाच्या किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. ज्यांचे फेरिटिन वाढले त्यांची लक्ष, स्मरण आणि शिकणे यांच्या चाचण्यांतील कामगिरी सुधारली, आणि हिमोग्लोबिन वाढले त्यांचा वेग सुधारला. मुलीच्या बाबतीत एवढ्या थोड्या खर्चात एवढा उपयोग होईल असा दुसरा उपाय मला माहीत नाही.

मुलगी शाकाहारी असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होते. मेसच्या पातळ ताकावर ही कमतरता भरून निघत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढ्या चार तपासण्या दिवाळीच्या सुट्टीत गावीच करून घ्याव्यात. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे आईने विचारावे; मुली आपणहून सांगत नाहीत.

लोहाचा विषय निघालाच आहे तर चहाबद्दल. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातील लोह नीट शोषू देत नाही. मेसमध्ये जेवून टपरीवर कटिंग घेण्याची जी पद्धत आहे ती तासाभराने पुढे ढकलावी आणि वरणावर, उसळीवर लिंबू पिळून घ्यावे. कॅफीनचे निम्मे प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून रात्री अकराची कॉफी पहाटे चारलाही अर्धी शिल्लक असते. अलीकडे वीस रुपयांत मिळणारी एनर्जी ड्रिंक्स वसतिगृहात सर्रास दिसतात. २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७० ते ८० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि परीक्षेच्या दिवसांत मुले अशा दोन-तीन बाटल्या सहज संपवतात. दुपारी चारनंतर कॅफीन बंद, एवढा एकच नियम पुरे.

व्यायामाबद्दल थोडक्यात. नॉर्वेत विद्यार्थ्यांना जिमला जाण्यासाठी प्रोत्साहन देऊन पाहिले गेले, आणि ज्या गटाला ते मिळाले त्याचे शैक्षणिक यश वाढले. ज्यांची जीवनशैली आधी विस्कळीत होती त्यांना अधिक लाभ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंत सकाळच्या उन्हात पंचवीस मिनिटे चालत गेल्यास ते जवळजवळ भरते, आणि सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळही अलीकडे सरकते. मुलगी चालत जाईल अशी रूम असेल तर स्कूटी घेऊन देऊ नये, असे माझे मत आहे. पालकांना ते सहसा पटत नाही.

आता आपले बाकीचे प्रश्न. स्मरणशक्तीचे टॉनिक देऊ नये. ज्या टॉनिकने फरक पडल्याचे सांगितले जाते, त्यात बहुधा लोह आणि बी-१२ असते. कमतरता असेल तर ही दोन्ही नेमक्या मात्रेत आणि ठरावीक काळ द्यावी लागतात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते आणि पोट जड वाटते, एवढ्यावरूनच बऱ्याच मुली त्या पंधरा दिवसांत सोडून देतात. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. हे आधीच सांगून ठेवावे.

मोबाइल काढून घेता येणार नाही. नोट्स, असाइनमेंट, मेसचे पैसे सारे त्यावरच आहे. त्याऐवजी चार्जर उशाशी न ठेवता टेबलावर ठेवायला सांगावे. झोप सुधारायची असेल तर झोपण्याची वेळ ठरवण्यापासून सुरुवात करू नये, कारण झोप हुकुमाने येत नाही. उठण्याची वेळ ठरवावी, साडेसात म्हणा, आणि ती रविवारीही तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नये. पहिला आठवडा जड जातो. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली की दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेबाराच्या सुमारास झोप आपोआप येऊ लागते. हा प्रयोग प्रिपरेशन लीव्हमध्ये करू नये, सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात करावा. ‘माझा मित्र एका रात्रीत वाचून पास होतो’ असे ती सांगेल आणि ते खोटेही नसेल. जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न फिरून येतात, तिथे पास होण्यापुरते ते जमते. गणित-तीनला जमत नाही.

घरी आणण्यापूर्वी तिच्या मनाची स्थिती जाणून घ्यावी. ज्या गोष्टी आधी आवडत त्यांत मन लागते का, मैत्रिणींमध्ये मिसळते का, जेवण अचानक कमी किंवा जास्त झाले आहे का, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का, जगणे नकोसे वाटते का, हे शांतपणे आणि सरळ विचारावे. शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी असेल तर गुणांची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक तिच्या आणि आपल्याही फोनमध्ये असू द्यावा. जगणे नकोसे झाल्याचे ती म्हणाली, तर मात्र तिला एकटी ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

असे काही नसेल, तर संपूर्ण सेमिस्टर घरी आणण्याच्या विरुद्ध मी आहे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की टर्म ग्रँट होण्याची, म्हणजे परीक्षेला बसण्याची परवानगी मिळण्याची, अडचण उभी राहते आणि वर्ष वाया जाते. सुट्टीत दहा दिवस आणावे, तपासण्या कराव्यात, तिला झोपू द्यावे, आणि त्या दहा दिवसांत नातेवाइकांसमोर निकालाचा विषय काढू नये. बॅकलॉगचा परीक्षा अर्ज मुदतीत भरला आहे का ते पाहावे, आणि गणितासाठी तिला त्या विषयाच्या प्राध्यापकांकडे किंवा वरच्या वर्गातील एखाद्या मुलीकडे आठवड्यातून दोनदा बसवावे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते साधारण एक ग्रॅमने वाढले नसेल, तर गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत का हे आधी पाहावे, आणि तरीही वाढ नसेल तर सगळे कागद घेऊन गावातील फिजिशियनना दाखवावे.